चार मायग्रेशन एकदम लावली की दमदार मशीनही का रखडतं

लक्षणं साधारण अशी असतात. मशीन तगडं आहे: ३२ कोअर, २५६ जीबी रॅम, एनव्हीएमई डिस्क. एक डेटाबेस एकटा दुसरीकडून या मशीनवर हलवला, म्हणजे त्याचं मायग्रेशन केलं, तर तासाभरात काम फत्ते. म्हणून चार एकदम लावले. पहिली दहा-पंधरा मिनिटं सगळं सुसाट. मग सेकंदाला ८०,००० ओळी टाकणारा जॉब ६,००० वर येतो, दुसरा १३७ हा कोड देऊन मरतो आणि तिसरा नुसता बसून राहतो. ना एरर, ना लॉगमध्ये नवी ओळ. दोन बंद केले की उरलेले पुन्हा पळायला लागतात. सुटलो म्हणून तिसरा लावावा, तर ये रे माझ्या मागल्या.

अशा वेळी पहिली मागणी येते ती जास्त कोअरची, नाहीतर दुप्पट रॅमची. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. टॉप (कोअर किती कामात आहेत ते दाखवणारी कमांड) उघडून पाहा, बहुतेक वेळा निम्म्याहून जास्त कोअर रिकामे बसलेले दिसतील. खरी गोम अशी की डेटाबेस, जावा, लिनक्स कर्नल, रिस्टोअरची टूलं, यांतलं प्रत्येक जण डिफॉल्ट सेटिंगवर आपण या मशीनवर एकटेच आहोत असं धरून चालतं. एकटं असताना ते खपून जातं. चौघं एकत्र आले की प्रत्येकाने गृहीत धरलेला वाटा मिळून मशीनच्या बाहेर जातो.

पुढचं सगळं लिनक्स धरून लिहिलंय, आणि टार्गेट डेटाबेस त्याच मशीनवर आहे असं मानलंय. उदाहरणं पोस्टग्रेसची जास्त आहेत, थोडी मायएसक्यूएलची.

आधी रोग ओळखा: मंद, मेलेला की अडकलेला

या तीन वेगळ्या तक्रारी आहेत आणि तिन्हींची कारणं सहसा वेगळी निघतात. एकाच रात्री तिन्ही दिसल्या म्हणून एकाच सेटिंगने तिन्ही जाणार नाहीत.

निदानासाठी माझं पहिलं ठिकाण म्हणजे प्रॉक फाइलसिस्टिममधली प्रेशर ही डिरेक्टरी. कर्नल ४.२० पासून ती आहे; काही डिस्ट्रिब्युशनमध्ये बूटच्या वेळी पीएसआय=१ देऊन ती चालू करावी लागते. आत सीपीयू, मेमरी आणि आयओ अशा तीन फाइली. प्रत्येकीत ‘सम’ (निदान काही जण अडकलेले) आणि ‘फुल’ (सगळेच अडकलेले) अशा ओळी, आणि त्यांत गेल्या १०, ६० आणि ३०० सेकंदांची सरासरी टक्क्यांत. आयओच्या फाइलमध्ये ‘फुल’चा आकडा ६० दिसला, तर त्याचा अर्थ त्या काळातला ६० टक्के वेळ जे कोणी काम करायला बसले होते ते सगळेच्या सगळे डिस्ककडे डोळे लावून होते. अशा मशीनला आणखी १६ कोअर दिले तर डोळे लावणारे वाढतील, इतकंच. मेमरीच्या फाइलमध्ये ‘फुल’ शून्याच्या वर टिकून राहिला तर मरण्याची तक्रार जवळ आली आहे असं समजा. तिन्ही फाइली शांत आहेत आणि तरी जॉब हलत नाही, तर दोष मशीनच्या बाहेर आहे किंवा लॉकमध्ये आहे.

मंद होतो: डिस्कच्या जाहिरातीतला आकडा आणि विसाव्या मिनिटाचा आकडा

हा भाग सविस्तर लिहितो, कारण बहुतेकांची गाडी इथेच रुतते.

साध्या पीसीसाठी विकल्या जाणाऱ्या एनव्हीएमई डिस्कवर सेकंदाला पाच-सात हजार एमबीचा आकडा छापलेला असतो. तो खोटा नसतो, पण तो थोड्या वेळापुरता असतो. टीएलसी (एका पेशीत तीन बिट) किंवा क्यूएलसी (चार बिट) चिपचा काही भाग डिस्क एका बिटाच्या पद्धतीने वापरते, त्याला एसएलसी कॅशे म्हणतात, आणि लिहिलेलं सगळं आधी तिथे जातं. कॅशे भरली की डिस्कला एकीकडे नवं लिहायचं आणि दुसरीकडे जुनं आत हलवायचं, अशी दुहेरी कामं करावी लागतात. मग वेग कोसळतो. चांगली टीएलसी डिस्कही अशा वेळी छापील वेगाच्या बरीच खाली उतरते. क्यूएलसी तर सेकंदाला शे-दोनशे एमबीवर, म्हणजे फिरत्या हार्ड डिस्कच्या पंगतीला येऊन बसू शकते. एक मायग्रेशन कॅशे भरायच्या आत संपतं, म्हणून त्याला हे कधी कळतच नाही. चार मिळून ती चौपट लवकर भरतात.

यात आणखी एक खोच आहे. पुष्कळ डिस्कमध्ये ही कॅशे मोकळ्या जागेतूनच काढलेली असते. डिस्क जितकी भरलेली तितकी कॅशे लहान. त्यामुळे ‘गेल्या आठवड्यात हेच चारही जॉब नीट गेले होते’ ही तक्रार खरी असते. तेव्हा डिस्क रिकामी होती. जुने डंप (डेटाबेसच्या फाइलीत काढलेल्या प्रती) काढून टाका, एफएसट्रिम (मोकळी जागा डिस्कला कळवणारी कमांड) चालवा, आणि डिस्क पाऊण भागाच्या पुढे भरू देऊ नका.

तपासायचं कसं? आयओस्टॅट ही डिस्कचा वापर दाखवणारी कमांड विस्तारित पर्याय देऊन दर सेकंदाला चालू ठेवा. वापराची टक्केवारी १०० दिसली म्हणून घाबरू नका. एनव्हीएमई एकाच वेळी कितीतरी मागण्या हाताळते, त्यामुळे तिथे १०० म्हणजे डिस्क थकली असं होत नाही. पाहायचा रकाना म्हणजे डब्ल्यू-अवेट, एका लिखाणाला लागलेला सरासरी वेळ. तो एका मिलिसेकंदाच्या आत असतो तोवर सुख आहे. जॉब मंदावल्याच्या मिनिटाला तो २० किंवा ४० वर उडी मारत असेल, तर पुरावा हातात आला. त्याच वेळी एनव्हीएमईचा स्मार्ट लॉग काढून तापमानही बघून घ्या. हीटसिंक नसलेली डिस्क सलग लिहिताना तापते आणि स्वतःहून वेग कमी करते. आलेखावर हे कॅशे भरल्यासारखंच दिसतं, उपाय मात्र पंख्याचा आहे.

नवी डिस्क पारखायची तर फिओ या डिस्कचा वेग मोजणाऱ्या टूलची चाचणी ३० सेकंदांची घेऊ नका. चार समांतर जॉब, डायरेक्ट आयओ, वेळेवर आधारलेली, अर्धा तास. सेकंदाला १ जीबी धरला तरी ३० मिनिटांत १.८ टीबी लिहिलं जातं, तेव्हा डिस्कची लिखाणाची वॉरंटी किती टीबीची आहे ते आधी पाहा आणि ही हौस रोज करू नका.

दुसरी बाब एफसिंकची. डेटाबेस प्रत्येक कमिटला ‘हे खरंच कायमचं लिहिलं गेलं का’ असं डिस्कला विचारतो. सर्व्हरसाठीच्या डिस्कमध्ये वीज गेली तरी हातातलं काम पुरं करता येईल एवढे कपॅसिटर असतात, त्यामुळे ती लगेच ‘हो’ म्हणते. साध्या डिस्कला चिपपर्यंत जाऊन यावं लागतं. पोस्टग्रेससोबत येणारं पीजी-टेस्ट-एफसिंक हे छोटं टूल चालवलं की दोहोंतला फरक लगेच दिसतो, कितीतरी पटींचा असतो. माझं मत विचाराल तर अशा मशीनवर पैसे घालायची पहिली जागा हीच, कोअरच्या आधी.

डिस्का एकापेक्षा जास्त असतील तर डंप एकीवर, डेटा दुसरीवर आणि वॉल (प्रत्येक बदल आधी जिथे नोंदला जातो तो पोस्टग्रेसचा लॉग) जमल्यास तिसरीवर. पण त्या कुठल्या स्लॉटमध्ये आहेत तेही बघा. डेस्कटॉप मदरबोर्डवर बहुधा एखाद-दुसरा एम-डॉट-टू स्लॉटच थेट प्रोसेसरला जोडलेला असतो. बाकीचे चिपसेटमार्गे जातात आणि यूएसबी, साटा, नेटवर्क यांच्यासोबत एकच वाट वापरतात. एलएसपीसीआय या जोडलेलं हार्डवेअर दाखवणाऱ्या कमांडच्या सविस्तर आउटपुटमध्ये लिंक स्टेटसच्या ओळीत ‘डाउनग्रेडेड’ दिसलं तर डिस्क पूर्ण रुंदीने किंवा पूर्ण वेगाने जोडलेलीच नाही.

कर्नलची उधारी

कधी कधी डिस्क बरी असते आणि तरी जॉब झटके देत चालतो: वीस सेकंद सुसाट, मग दीड मिनिट ठप्प, पुन्हा सुसाट. हा डर्टी पेजचा खेळ. लिहायला दिलेला डेटा लिनक्स आधी रॅममध्ये ठेवतो आणि सवडीने डिस्कवर उतरवतो. अशी उधारी किती साठू द्यायची याची मर्यादा उपलब्ध रॅमच्या टक्केवारीत असते: १० टक्क्यांना मागच्या मागे उतरवायला सुरुवात, २० टक्क्यांना लिहिणाऱ्यालाच अडवून धरायचं. ८ जीबीच्या मशीनला हे ठीक. २५६ जीबीच्या मशीनवर २० टक्के म्हणजे ५० जीबीच्या आसपास. सेकंदाला ५०० एमबी उतरवणारी डिस्क हा ढीग उपसायला दीड मिनिटाहून जास्त घेते, आणि तोवर चारही जॉब दारात उभे. मोठी रॅम घेतल्यावर त्रास वाढला, असं कुणी सांगितलं तर हसू नका.

उपाय सोपा आहे. टक्केवारीऐवजी बाइट्समध्ये मर्यादा द्या: डर्टी बॅकग्राउंड बाइट्स १ जीबी, डर्टी बाइट्स ४ जीबी, इथून सुरुवात करा. बाइट्सची सेटिंगं दिली की टक्केवारीची आपोआप शून्य होतात.

पोस्टग्रेसचाही असाच एक झटका आहे. मॅक्स वॉल साइज, म्हणजे वॉल किती वाढू द्यायचा ती मर्यादा, डिफॉल्टला १ जीबी असते. चार लोड मिळून ती बघता बघता गाठतात आणि चेकपॉइंटमागून चेकपॉइंट (रॅममधली बदललेली पानं डिस्कवर उतरवण्याची फेरी) लागतात. प्रत्येक चेकपॉइंटनंतर एखाद्या पानाला पहिल्यांदा हात लागला की ते अख्खं पान वॉलमध्ये लिहिलं जातं, म्हणजे वॉल आणखी फुगतो, म्हणजे पुढचा चेकपॉइंट आणखी लवकर येतो. लॉगमध्ये चेकपॉइंट फार वारंवार होत असल्याचा इशारा दिसतो का बघा. मायग्रेशनपुरती ही मर्यादा ५० ते १०० जीबी आणि चेकपॉइंटची वेळ ५ मिनिटांवरून ३० करा. सिंक्रोनस कमिट बंद केलं तर क्रॅशमध्ये शेवटची काही ट्रान्झॅक्शनं जातील, डेटा सडणार नाही. लोड पुन्हा लावता येणार असेल तर खुशाल करा. एफसिंक बंद करणं ही वेगळी गोष्ट आहे. त्यात क्रॅश झाला की अख्खा क्लस्टर, म्हणजे त्या पोस्टग्रेसमधले सगळे डेटाबेस, टाकून द्यायची तयारी हवी.

मायएसक्यूएलवर असाल तर बफर पूल (डेटासाठी राखलेली रॅम) १२८ एमबीवर आणि रिडू लॉग (तिथला वॉल) १०० एमबीवर पडलेला नाही ना, एवढं आधी बघा. दोन्ही डिफॉल्ट आहेत आणि दोन्ही या कामाला तोकडी आहेत.

मरतो: १३७ चा अर्थ

१३७ म्हणजे १२८ अधिक ९, अर्थात प्रोसेसला सिग्नल ९ देऊन मारलं गेलं. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, ‘आउट ऑफ मेमरी’ आणि ‘किल्ड प्रोसेस’ शोधा. सापडलं की कागद घ्या आणि बेरीज करा. तर्क लढवण्यापेक्षा ते लवकर होतं.

जावावर चालणारं टूल असेल आणि कमाल हीप (किती रॅम वापरायची ती मर्यादा) सांगितलेला नसेल, तर जेव्हीएम, म्हणजे जावा चालवणारं इंजिन, मशीनच्या रॅमचा चौथा हिस्सा आपला समजतं. २५६ जीबीवर प्रत्येकी ६४. तीन जॉब चालतात, चौथा लावला की मशीन कोसळतं, याचं गणित एवढंच आहे: चौसष्ट चोक २५६, आणि डेटाबेसला काय उरलं? प्रत्येक जॉबला कमाल हीप लिहून द्या. ८ जीबी बहुतेकांना पुरतो, फक्त ओळी तुकड्यातुकड्याने वाचल्या जात असतील तर. इथे दुसरा सापळा आहे. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल या दोन्हींचे जेडीबीसी ड्रायव्हर (जावाला डेटाबेसशी जोडणारे) मुळात क्वेरीचा पूर्ण निकाल मेमरीत ओढतात. पोस्टग्रेसमध्ये फेच साइज (एका वेळी किती ओळी आणायच्या) द्या आणि ऑटोकमिटही बंद करा. दोन्ही केल्याशिवाय परिणाम नाही. पायथनमध्ये सायकोपीजी-२ चा साधा कर्सरही तेच करतो, तिथे नाव दिलेला कर्सर वापरा.

रिस्टोअरच्या बाजूला हिशेब असा. मेंटेनन्स वर्क मेम (एक इंडेक्स बांधताना वापरायची रॅम) उदारपणे ८ जीबी केली. पीजी-रिस्टोअर या डंप परत भरणाऱ्या टूलला ८ समांतर जॉब दिले. असे चार रिस्टोअर. इंडेक्स बांधायची वेळ साधारण एकदमच आली, तर ३२ इंडेक्स गुणिले ८ जीबी, म्हणजे पुन्हा २५६. एका रिस्टोअरला ६४ लागत होते म्हणून कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. चौघांसाठी १ ते २ जीबी ठेवा.

आणि मरतो कोण? कर्नल सहसा सगळ्यात जास्त मेमरी खाणाऱ्याला निवडतो, मग तो गुन्हेगार असो वा नसो. पोस्टग्रेसची एक बॅकएंड प्रोसेस अशी मारली गेली तर मूळ प्रोसेस बाकी सगळी कनेक्शनं तोडते आणि रिकव्हरीला लागते. म्हणजे एका जॉबची हाव चौघांना भोवते. म्हणून प्रत्येक जॉबभोवती कुंपण घाला: सिस्टिमडी-रनमधून चालवा आणि मेमरी मॅक्सची मर्यादा द्या. मग हद्द ओलांडणारा स्वतःपुरता मरेल आणि तुम्हाला त्याचं नावही कळेल.

स्लॅश टेम्प कुठे आहे तेही डीएफने बघा. तो टीएमपीएफएस असेल तर तिथे उतरलेली प्रत्येक तात्पुरती फाइल तुमची रॅम खाते आहे. टूलची टेम्प डिरेक्टरी डिस्कवर हलवा.

अडकतो: ना हूं ना चूं

सगळं शांत, प्रेशरच्या तिन्ही फाइली शून्यावर, जॉब मात्र तासन् तास जिथल्या तिथे. पोस्टग्रेसमध्ये पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटी (कुठलं कनेक्शन काय करतंय तो तक्ता) पाहा आणि वेट इव्हेंट टाइप व वेट इव्हेंट हे दोन रकाने वाचा.

तिथे ‘लॉक’ दिसलं तर पीजी-ब्लॉकिंग-पिड्सने कुणी अडवलंय ते शोधा. दोन मायग्रेशन एकाच मुख्य टेबलवर फॉरेन की चढवत असतात, असं वारंवार सापडतं. फॉरेन की सगळ्यात शेवटी आणि एकाच जॉबकडून चढवून घ्या.

‘क्लायंट रीड’ दिसलं तर डेटाबेस मोकळा आहे, त्याच्याकडे डेटाच येत नाहीये. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? सोर्स सर्व्हर किंवा नेटवर्क तपासा. १ गिगाबिटची लाइन कागदावर सेकंदाला १२५ एमबी देते, हातात ११० च्या आसपास येतात. १ टीबीला अडीच तास, आणि चौघांत वाटले तर प्रत्येकी ३० पेक्षा कमी. ईथटूलने लिंकचा वेग पाहून घ्या, कारण खराब केबलमुळे ती १०० मेगाबिटवर उतरलेली असते आणि कुणी सांगत नाही.

सोर्सही ठीक असेल तर बहुधा कनेक्शन मेलेलं आहे आणि जॉबला ते कळलेलं नाही. एखादं टूल सोर्सचं कनेक्शन उघडं ठेवून टार्गेटवर इंडेक्स बांधत बसतं. तेवढ्या वेळात मधल्या फायरवॉलला ते निष्क्रिय दिसतं आणि ती त्याची नोंद पुसून टाकते. लिनक्सचं टीसीपी कीपअलाइव्ह डिफॉल्टला ७,२०० सेकंदांनी पहिली हाक मारतं, पुरे दोन तास. एकट्या जॉबचा इंडेक्स दहा मिनिटांत होतो म्हणून फायरवॉलची मुदत ओलांडली जात नाही. चार एकत्र असले की तोच इंडेक्स पाऊण तास घेतो आणि मुदत टळते. म्हणूनच हे ‘कधी कधीच होतं’ असं वाटतं. कीपअलाइव्हची वेळ ६० सेकंद करा. पोस्टग्रेसची सी लायब्ररी कीपअलाइव्ह आपणहून वापरते, पण पोस्टग्रेसच्या जेडीबीसी ड्रायव्हरमध्ये ते वेगळं चालू करावं लागतं.

मग कोअर लागतात कधी

लागतात, पण ओळखण्याची खूण वेगळी आहे. एक कोअर १०० टक्क्यांवर आणि बाकी निवांत, तर काम एकाच धाग्यावर चाललंय. पीजी-रिस्टोअर एका टेबलचा डेटा एकाच वर्करकडे देतं, तेव्हा ६०० जीबीचं एक टेबल असेल तर समांतर जॉब कितीही वाढवा, वेळ तेच टेबल ठरवणार. ते प्रायमरी कीच्या पट्ट्यांत तोडून वेगवेगळ्या कॉपीने भरा. दोन सॉकेटचं मशीन असेल तर न्यूमास्टॅट पाहा. एका सॉकेटचा जॉब दुसऱ्याच्या रॅममधून वाचत असेल तर न्यूमासीटीएलने त्याला जागेवर बांधा. रॅम घेताना सगळे मेमरी चॅनल भरतील अशा बेताने कांड्या घ्या. दोनच मोठ्या कांड्या लावलेला आठ चॅनलचा सर्व्हर अर्ध्याहून जास्त बँडविड्थ बसून घालवतो.

चारही एका क्षणी सुरू करू नका. लोडच्या टप्प्यात भार डिस्कवर असतो, इंडेक्सच्या टप्प्यात रॅम आणि कोअरवर. पहिल्याचा लोड संपून इंडेक्स सुरू झाला की दुसऱ्याचा लोड सोडा. प्रेशरमधला आयओचा ‘फुल’ २० च्या वर टिकला की पुढचा जॉब थांबवून धरायचा, एवढा एक नियम छोट्या स्क्रिप्टमध्ये घातला तरी रात्री उठून बघायची वेळ सहसा येत नाही. सगळं टीमक्समध्ये (तुमचं लॉगिन तुटलं तरी काम चालू ठेवणारं टूल) चालवा, हे वेगळं सांगायला नकोच.

काम संपल्यावर बदललेली सेटिंगं परत मूळ जागी आणा. ऑटोव्हॅक्यूम (पोस्टग्रेसची आपोआप चालणारी साफसफाई) बंद केला असेल तर तो आधी चालू करा, आणि पडताळणीच्या क्वेरी लावण्यापूर्वी व्हॅक्यूमडीबी फक्त ॲनालाइझसाठी, समांतर जॉब देऊन, एकदा फिरवा. नाहीतर नव्या टेबलांची आकडेवारीच नसते, क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा प्लॅनर अंदाजाने वाट निवडतो, आणि ‘मायग्रेशननंतर डेटाबेस मंद झाला’ अशी नवी तक्रार सकाळी तुमच्याकडेच येते.